नाव लांबलं आणि पानं फुटली

१४ जानेवारी १९९४, संक्रांतीचा दिवस. सकाळी दुकान उघडलं आणि पायरीवर उभी राहून मी कीबोर्ड उलटा धरून झटकायला लागले. परभणीची माती पावसाळ्यात चपलेला धरते आणि थंडीत कीबोर्डात जाऊन बसते. त्या दिवशी आतून धूळ, उदबत्तीची राख आणि हलव्याचे दोन दाणे निघाले. राख माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची. ते रोज सकाळी कॉम्प्युटरला उदबत्ती ओवाळायचे. मी नको म्हटलं की म्हणायचे, "सूनबाई, पन्नास वर्षं छपाईच्या यंत्राला ओवाळली. हे काय आभाळातून पडलंय?"

समोरून भालेराव आले. अंगावर कंडक्टरची खाकी, कपाळावर निळा गुलाल, दोन्ही खिशांत पेढे. लांबूनच ओरडले, "झटका ताई, चांगला झटका! आज एकबी अक्षर अडकायला न्हाई पायजे!"

विद्यापीठाचं नाव बदलल्याची बातमी तोवर गावभर झाली होती. आमच्या घरात या विषयावर दोन मतं होती आणि ती दोन्ही अण्णांचीच होती. सकाळी एक, जेवणानंतर दुसरं. मला मत बनवायला सवड नव्हती. शुक्रवार होता, आणि शुक्रवारी आमच्याकडे तीन साप्ताहिकांची पानं लागायची.

धंद्याबद्दल लिहा असा एका दिवाळी अंकाचा निरोप आला आहे, तेव्हा आधी धंदा काय होता ते सांगते. अण्णांचा खिळ्यांचा छापखाना होता. एकेक अक्षराचा खिळा उचलून ओळ जुळवायची. मी लग्न होऊन आले ती मराठी टायपिंगच्या परीक्षा देऊन. काही वर्षं खिळे जुळवले, बोटं काळी केली आणि मग हट्ट धरून कॉम्प्युटर आणि लेझर प्रिंटर आणवला. आता पान पडद्यावर जुळायचं, कागदावर निघायचं, त्याची प्लेट व्हायची आणि अण्णा ती ऑफसेटवर चढवायचे. कॉम्प्युटरच्या खोलीत लोक चपला काढून यायचे. एकानं नारळ आणला होता. नवरा येलदरीच्या वीजकेंद्रावर नोकरीला. वीज तयार करणाऱ्या माणसाच्या बायकोचं दुकान रोज अंधारात जायचं, यावर अख्ख्या गल्लीनं विनोद करून झाले होते.

साप्ताहिकं तीन, प्रत्येकी चार पानी. एक परभणीच्या भालेरावांचं. ते जिंतूरच्या गाडीवर कंडक्टर होते आणि स्वतःचा अंक स्वतःच्याच गाडीत विकायचे. दुसरं जिंतूरच्या दत्ताभाऊंचं. ते कापसाचे व्यापारी. कापसाचा भाव लोकांना कळावा म्हणून पेपर काढायचे आणि उरलेल्या जागेत देशाचं राजकारण घालायचे. तिसरं गंगाखेडच्या भुजंगरावांचं. त्यांचा ऊस होता, मिशी होती, आणि प्रत्येक अंकाच्या तिसऱ्या पानावर त्यांचा स्वतःचा हात जोडलेला फोटो असायचा.

तिघं एकमेकांवर पहिल्या पानावर तुटून पडायचे. आतल्या पानांवर मात्र तिघांचाही निम्मा मजकूर सारखाच. बाजारभाव, राशिभविष्य, येलदरीच्या धरणातलं पाणी, एसटीचं वेळापत्रक, परीक्षांच्या तारखा. सुरुवातीला हे सगळं मी तीनदा टाइप केलं. मग मला माझाच राग आला.

आमच्या त्या सॉफ्टवेअरची एक खोड होती. पान म्हणजे नुसत्या रिकाम्या चौकटी. मजकूर पानात नसायचाच, तो वेगळ्या फाइलीत पडून असायचा. चौकटीला एवढंच ठाऊक, की आपल्यात कुठली फाइल ओतायची आहे. पान उघडलं की फाइल येऊन बसायची. सगळ्यांना ही कटकट वाटायची, कारण पान एका फ्लॉपीवर आणि मजकूर दुसऱ्या फ्लॉपीवर राहिला की समोर यायचा कोरा कागद. मी म्हटलं, पान बाहेरूनच मजकूर मागवणार असेल तर तिन्ही पानांनी एकाच ठिकाणाहून का मागवू नये? 'सामाईक' नावाचा एक कप्पा केला. बाजारभावाचा तुकडा एक, तो मागवणारी पानं तीन. पुढं जाऊन जे शब्द पुन्हा पुन्हा यायचे, संस्थांची लांबलचक नावं वगैरे, त्यांचेही तुकडे केले. मजकुरात नावाऐवजी नुसती खूण घालायची. छापण्याआधी एक बटण दाबलं की खुणेच्या जागी नाव येऊन बसायचं.

पहिल्यांदा कापसाचा भाव एका जागी बदलला आणि तिन्ही पेपरांत तो आपोआप बदललेला दिसला, तेव्हा मी खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवल्या. अण्णा मशीन सोडून धावत आले. त्यांना वाटलं, काहीतरी जळालं.

माझी भाची पुण्यात वेबसाइटी बनवते. मध्यंतरी तिला हे सांगितलं तर म्हणाली, "मावशी, आम्ही हेच तर करतो! वरची पट्टी, खालची पट्टी एकदाच लिहायची आणि प्रत्येक पानानं ती मागवून घ्यायची." मी म्हटलं, मग तुमच्याकडेही भांडणं होत असतील. म्हणाली, फार.

आमचं पहिलं भांडण सिंह राशीवरून झालं. राशिभविष्य अण्णा लिहायचे. बारा राशींना आलटून पालटून धनलाभ, प्रवास आणि पोटाचे विकार वाटून द्यायचे. एका गुरुवारी मी बाजारात गेले असताना भुजंगराव आले आणि अण्णांना म्हणाले, "माझ्या पेपरात सिंहेला एक ओळ वाढवा." अण्णांनी मला कॉम्प्युटर चालवताना बघून बघून तेवढं शिकून घेतलं होतं. त्यांनी ओळ वाढवली. ओळ अशी होती: 'जिंतूर येथे राहणाऱ्या या राशीच्या संपादकांनी खोट्या बातम्या देणे थांबवावे, अन्यथा अपमान संभवतो.'

पण वाढवली कुठं, तर सामाईक तुकड्यात. शनिवारी दत्ताभाऊंचा अंक निघाला आणि जिंतूरभर वाटला गेला. स्वतःचा अपमान स्वतःच्या पेपरातून स्वतःच्या हातानं वाटून ते घरी जेवायला बसले, तेव्हा बायकोनं वाचून दाखवला. तिकडे भालेरावांच्याही पेपरात तीच ओळ होती आणि त्यांनी ती भरल्या गाडीत मोठ्यानं वाचली होती.

सोमवारी दत्ताभाऊ दुकानात आले ते चपला न काढताच. "वहिनी, गाढवावरून धिंड काढायची तर लोक गाढव तरी आणतेत! हितं गाढवबी मीच, धिंडबी माझीच!"

मी तिथंच नियम केला. प्रत्येक तुकड्याला एक मालक, आणि मालकाशिवाय त्यात कुणी बोट घालायचं नाही. राशिभविष्याचे मालक अण्णा, भावाचे मालक दत्ताभाऊ. भुजंगरावांनी विचारलं, "आणि मी कशाचा मालक?" मी म्हटलं, तुमच्या फोटोचे. त्यांना ते पटलं.

आता संक्रांतीचा शुक्रवार.

पानं दुपारी चारला अण्णांच्या हातात पडली नाहीत तर शनिवारचा अंक बुडायचा. भालेरावांची शनिवारी पहाटेची पाळी होती. पहिल्या गाडीत, विद्यापीठाचं नवं नाव छापलेला अंक त्यांना हातात हवा होता. अठ्ठ्याहत्तर सालापासून ते या मागणीसाठी मोर्चात होते, सत्याग्रहात होते, आत जाऊन आले होते. या दिवसासाठी त्यांनी एक अग्रलेख लिहून ठेवला होता. दरवर्षी त्यात भर पडायची. आता तो चौथ्या पानाच्या वरपासून खालपर्यंत आला होता आणि त्यांनी तो कधीच माझ्याकडून टाइप करून घेतला नव्हता. "आधी नाव येऊ द्या," म्हणायचे. त्या दिवशी हातानं लिहिलेले ते कागद त्यांनी टेबलावर ठेवले, वर एक पेढा ठेवला.

मी म्हटलं, "लेख नंतर. आधी नाव बघा." सामाईक कप्पा उघडला. नाव एकाच जागी होतं. जुन्या नावाच्या आधी नवे शब्द टाइप केले. भालेराव मागं उभे होते आणि एरवी गाडीभर ऐकू जाणारा हा माणूस एकेक अक्षर हळूच पुटपुटत होता. मी बटण दाबलं.

पान हललं. मी आजवर तसं पाहिलं नव्हतं. तिसऱ्या पानावर परीक्षांची जी मोठी सामाईक चौकट होती, तिच्यात ओळीओळीला विद्यापीठाचं नाव. अमुक महाविद्यालय, संलग्न अमुक विद्यापीठ. जिथं एक ओळ होती तिथं दोन झाल्या. मथळा घसरून खाली आला. चौकट फुगली, तिनं खालच्या येलदरीच्या धरणाला ढकललं, धरणानं कापसाला ढकललं, कापूस पानाबाहेर पडला. भुजंगरावांचं पान उघडलं तर धरणाची चौकट त्यांच्या फोटोवर जाऊन बसलेली. येलदरीचं पाणी थेट मिशीपर्यंत चढलं होतं.

भालेराव इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. "ताई, नाव आलं म्हणल्यावर जरा धक्काबुक्की व्हनारच! सगळ्यांनी थोडं थोडं पुढं सरकायचं, काय?"

तेवढ्यात दत्ताभाऊ आले, त्यांच्या मागं भुजंगराव. भुजंगरावांनी पडद्यावर स्वतःला बुडालेलं पाहिलं आणि कारण विचारलं. मी सांगितलं.

ते खुर्ची ओढून बसले. "बाई, सोपं आहे. आद्याक्षरं टाका. टिंबं देऊन. एवढं लांब नाव कोण वाचतंय?"

खरं सांगते, मला ते एकदम सोयीचं वाटलं. आद्याक्षरं टाकली की सगळं जागच्या जागी बसणार होतं. कापूस परत येणार, धरण खाली उतरणार. घड्याळ बघितलं. भालेरावांना म्हटलं, "काका, या अंकाला आद्याक्षरं घेऊ. पुढच्या आठवड्यात सवडीनं पूर्ण करू."

भालेराव हसायचे थांबले. "ताई, अठ्ठ्याहत्तर साली माझ्या मावशीचं घर जाळलं. ते आद्याक्षरांसाठी न्हाई." एवढंच म्हणाले, आणि लगेच आपल्या नेहमीच्या आवाजात भुजंगरावांकडं वळले. "रावसाहेब, गाडीच्या पाटीवर नुसतं 'गं' लिवलं तर माणूस गंगाखेडला जाईल का गंगापूरला? तुमच्या बारशात आद्याक्षरं ठेवली होती का?"

"भालेराव, तुम्ही तिकिटं फाडा."

"फाडतो की. फुल तिकीट फाडतो. हाफ न्हाई."

मी विचारलं, "मग जागा कुठून आणू?"

"माझा लेख किती जागा खातो?"

"अख्खं चौथं पान."

त्यांनी टेबलावरच्या कागदांकडं पाहिलं. पेढा उचलून तोंडात टाकला आणि कागद बाजूच्या स्टुलावर ठेवले. "काढा. तिसऱ्या पानावरचं जे सांडायलंय ते चौथ्यावर घ्या."

मी त्यांचं पान लावायला घेतलं. अग्रलेखाच्या जागी धरण आलं, कापूस आला, एसटीच्या वेळा आल्या, आणि नाव जिथं जिथं होतं तिथं तिथं पूर्ण, मोकळं बसलं. दत्ताभाऊ तोवर स्टुलावरचे ते कागद चष्मा लावून वाचत होते. मी त्यांना विचारलं, तुमच्या पानावरचं काय काढू? त्यांनी मानही वर केली नाही. "राशिभविष्य काढा. त्यानं माझं लय नुकसान केलंय. कापूस तेवढा राहू द्या."

राहिले भुजंगराव. त्यांच्या तिसऱ्या पानावर काढण्यासारखी एकच गोष्ट होती आणि तिला मिशी होती.

"माझा तुकडा वेगळा करा," ते म्हणाले. "माझ्यापुरती वेगळी प्रत. आद्याक्षरांची."

मी म्हटलं, "करा. पण ज्याला वेगळी प्रत पाहिजे त्यानं ती स्वतः टाइप करायची." खुर्ची रिकामी केली आणि त्यांच्यासमोर कोरी फाइल उघडून दिली.

इथं एक सांगायला हवं. सामाईक तुकड्याची प्रत काढून त्यात आद्याक्षरं घालून द्यायला मला मिनिटभर लागलं असतं. ते मी त्यांना सांगितलं नाही. अजूनही सांगितलेलं नाही. एकदा एका नावाच्या दोन प्रती झाल्या की पुढं कुठलं पान कुठली प्रत मागवतंय हे मलाच शोधत बसावं लागलं असतं. निदान त्या वेळी मी स्वतःला असंच समजावलं.

भुजंगराव फेटा सावरून बसले. एका बोटानं टाइप करायला लागले. आमच्या कीबोर्डावर अक्षरं छापलेली नव्हती, टायपिंग शिकलेल्याला ती पाठ असतात. त्यांनी 'प' शोधला. 'री' सापडेना. "हे 'री' कुठं ठेवलंय?"

"र वेगळा, वेलांटी वेगळी," मी म्हटलं.

"आणि क्ष?"

भालेरावांना माझ्यामागं उभं राहून राहून बरीच अक्षरं पाठ झाली होती. ते उठले आणि भुजंगरावांच्या शेजारी बसले. "थांबा रावसाहेब. क्ष लय आडबाजूला हाय. शिफ्ट धरा. धरून ठेवा. आता हे दाबा. हां. आता काना."

"दिला काना."

"दोन दिलेत. एक उतरवा."

दोघांची डोकी पडद्यासमोर एकत्र आली. एकाच्या डोक्याला गुलाल, दुसऱ्याच्या डोक्याला फेटा. दत्ताभाऊ वाचता वाचता खो-खो हसायला लागले. मी अण्णांना हाक मारली, कारण हे बघायला साक्षीदार हवा होता. अण्णा आले, दारात उभे राहिले आणि म्हणाले, "हे दोघं मिळून पेपर काढायलेत की काय?"

बराच वेळ खपून 'परीक्षा वेळापत्रक' एवढे शब्द आणि पहिल्या महाविद्यालयाचं अर्धं नाव झालं. भुजंगरावांना घाम फुटला होता. आणि वीज गेली.

यूपीएस कुंई कुंई करायला लागला. मी ओरडले, "सेव्ह करा, सेव्ह!" भुजंगरावांना वाटलं, हात काढा म्हणते. त्यांनी विंचू दिसल्यासारखे दोन्ही हात वर केले. भालेराव म्हणाले, "दाबा, दाबा!" भुजंगरावांनी घाबरून जे दाबलं ते मलाही आजवर कळलेलं नाही. पडदा काळा झाला.

मग सगळ्यात आधी भुजंगरावच हसले. आधी मिशीत, मग पोटातून. "गेलं?"

"तुमचं गेलं," मी म्हटलं. "सामाईक कप्पा सुखरूप आहे."

वीज आली तेव्हा तिघंही पेढे खात होते. भुजंगरावांनी घड्याळ बघितलं, मग पडद्यावर उघडलेलं आपलं पान बघितलं. नव्या नावाबद्दल त्यांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही, पुढच्याच अंकात त्यांनी त्याच्याविरुद्ध रकानाभर लिहिलं. पण त्या दिवशी ते म्हणाले, "बाई, माझा फोटो छोटा करा."

"किती?"

"बसेल एवढा."

तो टपालाच्या तिकिटाएवढा बसला. जोडलेले हात दिसेनासे झाले, मिशी मात्र ओळखू यायची. चार वाजता तिन्ही पेपरांच्या पानांचे कागद अण्णांच्या हातात पडले. अण्णांनी पहिल्या प्लेटचा पहिला कागद ओढला आणि तो आधी भालेरावांना दिला. भालेरावांनी तिसऱ्या पानावर बोट ठेवून प्रत्येक ओळीतलं नाव वाचलं, मोठ्यानं, गाडीत थांबे पुकारतात तसं. मग कागद घडी करून खाकीच्या खिशात घातला. लेख स्टुलावर तसाच राहिला. जाताना मी हाक मारली तर मागं न बघता हात हलवला, "राहू द्या ताई, पुढल्या गाडीनं जाईल!"

कागद मी उचलणार तर दत्ताभाऊंनी ते आधीच उचलून हातात धरले होते. शेवटचं पान वाचून झालं होतं. चष्मा काढून म्हणाले, "वहिनी, राशिभविष्याची जागा पुढल्या अंकातबी मोकळीच हाय. ह्यो लेख सामाईक करा. मालक भालेराव. मला बसेल तेवढी जागा मी देतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर दुकान उघडलं. आधी सामाईक कप्प्यातून मजकूर मागवणाऱ्या सगळ्या चौकटी एकेक करून उघडल्या आणि प्रत्येकीखाली थोडी जागा मोकळी सोडली, म्हणजे आतला मजकूर वाढला तर चौकटीला कुणाला न ढकलता वाढता यावं. मग एक नवी फाइल केली, तिला भालेरावांचं नाव दिलं, कागदांवरचा पेढ्याचा चुरा झटकला आणि लेखाच्या पहिल्या ओळीपासून टाइप करायला बसले.